सेव्हेनच्या धाववाटा

सेव्हेनच्या धाववाटा : दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन या डोंगराळ, वनाच्छादित प्रदेशातल्या, आता धावण्यासाठीही वापरल्या जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटांचे जाळे. मासिफ सांत्राल या मध्यवर्ती पठाराची ही आग्नेय कड मुख्यतः लोझेर आणि गार या जिल्ह्यांत येते. उत्तरेकडच्या माँ लोझेरची उंची १,६९९ मी. असून दक्षिणेकडच्या माँ एग्वालची १,५६५ मी.च्या आसपास आहे. आल्प्सशी तुलना करता हे आकडे किरकोळ वाटतात. मात्र दऱ्या खोल आणि अरुंद असल्याने धावणाऱ्याला एकाच दिवसात तीन-चारदा तळ गाठून पुन्हा धारेवर चढावे लागते.

पायाखालचा खडक तीन प्रकारचा आहे. माँ लोझेरवर ग्रॅनाइटचे गोल धोंडे व भुसभुशीत वाळू, मधल्या दऱ्यांत पापुद्र्यांचा शिस्ट आणि पश्चिमेकडच्या कोस पठारांवर चुनखडी. शिस्ट कोरडा असेपर्यंत पायाला उत्तम धरतो. पावसात त्यावर शेवाळलेल्या घाटावर सटकावेत तसे पाय सटकतात. झाडीही उंचीप्रमाणे बदलते. तळाशी सदाहरित ओक, त्यावर चेस्टनट आणि आणखी वर बीच व पाइन.

या वाटा मुळात कामाच्या आहेत आणि कोणती वाट कोणाच्या कामाची, हे पळताना पायांना कळते. सर्वांत जुन्या समजल्या जाणाऱ्या ‘द्राय’ म्हणजे मेंढ्यांच्या वाटा. लांगदोकच्या सपाटीवरचे कळप उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांवरून एग्वाल आणि लोझेरच्या कुरणांवर चढत. कळपाला वळणे नकोत आणि शेतेही तुडवायची नाहीत, म्हणून द्राय रुंद असतात व थेट धारेवरून जातात. दुसरा प्रकार ‘कालाद’. कोकणातली पाखाडी पाहिलेल्याला हा समजावून सांगावा लागणार नाही : उभे रोवलेले दगड आणि पाणी बाजूला काढणाऱ्या आडव्या पन्हळी. खेचरे, चेस्टनटची पोती आणि रेशमाचे कोष याच फरसबंदीवरून खाली येत. तिसरा प्रकार वनखात्याच्या वाटांचा. त्या बेताच्या चढाच्या आणि लांब वळणांच्या. धावायला याच सर्वांत सुखाच्या आणि खरे सांगायचे तर सर्वांत कंटाळवाण्याही.

बाहेरून येणाऱ्याला हे जंगल अनादी वाटते, पण बऱ्याच ठिकाणी ते वाटेपेक्षा तरुण आहे. एकोणिसाव्या शतकात चराई आणि लाकूडतोडीमुळे एग्वाल जवळजवळ बोडका झाला होता. झोर्झ फाब्र या वनाधिकाऱ्याने १८७५ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर वनीकरण केले. वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल फ्लाओ त्याचा सहकारी होता. माथ्यावरची वेधशाळा १८९४ मध्ये सुरू झाली, तीही फाब्रच्याच पुढाकाराने. दऱ्यांत मात्र झाडे कोणी लावली नाहीत. माणसे गेली आणि रान आत आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशीमकिड्यांवर रोग पडला. लुई पाश्चरने १८६५ पासून काही वर्षे जवळच्या आलेस गावी राहून त्यावर संशोधन केले आणि उपायही शोधला, पण रेशमाचा धंदा पूर्वपदावर आला नाही. पुढे चेस्टनटलाही रोगाने गाठले. आज ओकच्या गर्दीतून पळताना मध्येच गडग्यांच्या पायऱ्या दिसतात आणि छप्पर कोसळलेली चेस्टनट वाळवण्याची खोपटी लागतात. ती कोणाची तरी शेते होती.

शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरची दमट हवा या डोंगरकडेला अडते आणि थोड्या वेळात प्रचंड पाऊस कोसळतो. सप्टेंबर १९०० मध्ये एग्वालच्या पायथ्याशी वाल्रोग येथे सुमारे दहा तासांत ९५० मिमी. पाऊस नोंदला गेला. मुंबईत २६ जुलै २००५ रोजीचा सांताक्रूझचा आकडा ९४४ मिमी. होता, तोही चोवीस तासांचा. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवामानाचा इशारा असेल, तर ओढे ओलांडणारी वाट धरू नये. वाल्रोगहून माथ्याकडे जाणारी ‘चार हजार पायऱ्यां’ची वाट सुमारे १,२०० मी. चढते. एरवी इथल्या धावपटूची कसोटी तिच्यावरच लागते.

लांब पल्ल्याच्या वाटांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. ही ‘जीआर’ पद्धत फ्रान्समध्ये १९४७ पासून रुजली. दोन समांतर पट्टे म्हणजे वाट बरोबर; त्यांची फुली म्हणजे चुकली. खुणा चालणाऱ्याच्या वेगाला धरून काढलेल्या आहेत. पळणाऱ्याची नजर पुढच्या दोन-तीन पावलांवर असते, त्यामुळे उताराच्या भरात फुली निसटते आणि अर्धा डोंगर उगाच पुन्हा चढावा लागतो. जीआर ७० ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध वाट. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ च्या शरदात मोदेस्तीन नावाच्या गाढविणीसह ल मोनास्तिएहून साँ-झाँ-द्यु-गारपर्यंत बारा दिवसांत गेला. जीआर ७० साधारण त्या मार्गाने आखली आहे. आज काही धावपटू तेवढेच अंतर तीन-चार दिवसांत तोडतात. गाढविणीने बारा दिवस का लावले, हे मात्र पहिल्या मोठ्या चढावर उमजते.

शर्यतींचा इतिहास शेजारच्या कोस पठारांवर सुरू होतो. तिथली ‘ताँप्लिए’ ही शर्यत १९९५ मध्ये नाँ या गावी सुरू झाली आणि नंतर मियो येथे गेली. फ्रान्समधल्या डोंगरधावेच्या लोकप्रियतेत तिचा वाटा मोठा आहे. नाव मध्ययुगातल्या टेम्पलर सरदारांवरून आले; कोस पठारांपैकी लार्झाकवर त्यांच्या जहागिऱ्या होत्या.

सेव्हेन राष्ट्रीय उद्यान १९७० मध्ये स्थापन झाले. त्याच्या गाभ्यातही शेतकरी आणि मेंढपाळ राहतात. कोस व सेव्हेनचा प्रदेश २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, तो निसर्गासाठी नव्हे, पशुपालनाने घडवलेल्या भूदृश्यासाठी. उद्यानाच्या गाभ्यात शर्यत घ्यायची तर आधी परवानगी लागते. लोझेर हा फ्रान्समधला सर्वांत कमी लोकवस्तीचा जिल्हा आहे, म्हणून पाणी पुढच्या गावी मिळेल असे धरून चालू नये आणि मोबाइलवरही फार विसंबू नये. शरद ऋतूपासून हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत रानडुकरांची हाकाऱ्याची शिकार चालते. वाटेवर तसा फलक दिसला की मागे फिरावे. भडक रंगाचा सदरा तर अंगात असावाच. कळपाजवळ पांढरी थोराड राखणकुत्री दिसली, तर धावणे थांबवून लांबून वळसा घालत चालत जावे. कुरणाचे फाटक उघडले असेल, तर ते लावून मगच पुढे जायचे असते.