पाच एकरांमागे एक हक्क

मुंबईत घर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या माणसाला 'टीडीआर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो आपल्याकडे आणला आणि बिल्डर, नगरसेवक, वर्तमानपत्रे यांच्या तोंडी तो इतका रुळला, की इथल्याच मातीत उगवला असावा असे वाटावे. हस्तांतरणीय विकास हक्काची ही कल्पना अमेरिकेतली. न्यूयॉर्कने १९६८मध्ये जुन्या वास्तू वाचवण्यासाठी ती वापरली. पण तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग गगनचुंबी इमारतींच्या शहरात झाला नाही. तो झाला मका, सोयाबीन आणि दुभत्या गाई असलेल्या एका काउंटीत, मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरीत.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असे आपण सोयीसाठी म्हणतो; ते अर्धेच खरे आहे. आपल्या जिल्ह्याच्या डोक्यावर कलेक्टर असतो आणि तो वरून येतो. अमेरिकेतली काउंटी लोकांनी निवडलेली असते. मेरीलँडमध्ये तर तिला विशेष वजन आहे, कारण तिथल्या बऱ्याच मोठमोठ्या वस्त्यांना स्वतःची नगरपालिकाच नाही. सिल्व्हर स्प्रिंग किंवा बेथेस्डा ही नावे शहरांची वाटतात, पण त्यांचा कारभार काउंटी पाहते. रस्ता, शाळा आणि कोणाच्या जमिनीवर काय उभे राहील याचा निर्णयही तीच करते.

हा शेवटचा अधिकार फार जुना नाही. ओहायोतल्या युक्लिड या गावाने आपल्या हद्दीचे पट्टे पाडून कुठे कारखाने, कुठे घरे हे ठरवले, तेव्हा ६८ एकरांची मालक असलेली एक जमीन कंपनी कोर्टात गेली. नोव्हेंबर १९२६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती सदरलँड यांचे म्हणणे साधारण असे, की डुक्कर गोठ्यात असले तर ती उपद्रवाची गोष्ट नव्हे, दिवाणखान्यात आले तर ती होते. निकालपत्रात उपद्रव म्हणून खरा रोख होता तो भाड्याच्या सदनिकांच्या इमारतींवर. एकेकट्या घरांच्या वस्तीत त्या बांडगुळासारख्या वाढतात, असा सूर त्यात आहे. याची मुळे शोधायला मेरीलँडमध्येच यावे लागते. १९१०मध्ये बाल्टिमोर शहराने कोणत्या रस्त्यावर गोऱ्यांनी राहावे आणि कोणत्या रस्त्यावर काळ्यांनी, हे कायद्याने ठरवले होते. १९१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे रद्द केले. त्यानंतर जातवार वाटणी कागदावरून गेली आणि प्लॉटचे किमान क्षेत्रफळ आले. एका एकरावर एकच घर, असे म्हटले की गरीब माणूस आपोआपच बाहेर राहतो. त्याचा रंग लिहावा लागत नाही.

माँटगोमेरीत यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांच्या लहान लहान वस्त्या होत्या. त्यातल्या 'स्कॉटलंड' नावाच्या वस्तीत १९६०च्या दशकापर्यंत ना नळ होता, ना सांडपाण्याची वाहिनी. आजूबाजूला मात्र सुखवस्तू उपनगर वाढत होते. नियोजनाच्या इतिहासात नकाशावरच्या रंगांइतकेच महत्त्व जमिनीखालच्या पाइपांना आहे. पाइप जिथे जातो तिथे गाव वाढते.

वॉशिंग्टनला खेटून असलेल्या या काउंटीची लोकसंख्या १९४०मध्ये ८४ हजारांच्या आसपास होती. १९६०मध्ये ती ३ लाख ४० हजारांवर गेली. १९६४चा सर्वसाधारण आराखडा या लोंढ्याला दिलेले उत्तर होता. शहरातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्यांच्या कडेने दाट वस्तीचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये हिरव्या पाचरी, असे त्याचे चित्र. चित्र सुरेख होते. पण पाचरीतल्या शेतकऱ्याने बिल्डरला नाही का म्हणावे, याचे उत्तर त्यात नव्हते. १९७०च्या दशकात पाच एकरांमागे एकच घर अशी अट घातली गेली. त्याने शेती वाचली नाही. पाच एकर नांगरायला फार कमी आणि गवत कापायला फार जास्त. शेतांचे तुकडे होऊन तिथे बंगले येऊ लागले.

परवानगी कशी मिळते, हे येथे सांगायला हवे. आधी प्रत्येक भागाचा मास्टर प्लॅन होतो. कर्मचारी तो तयार करतात, पाच सदस्यांचे प्लॅनिंग बोर्ड त्यावर सुनावण्या घेते आणि शेवटी निवडून आलेली काउंटी कौन्सिल तो मंजूर करते. त्यानुसार झोनिंगचा नकाशा बदलतो. भांडण व्हायचे ते इथे होते. पुढे मालक जमिनीचे तुकडे पाडण्याचा कच्चा आराखडा घेऊन आला, की बोर्ड पाहते ते रस्ते आणि शाळांना हा भार झेपेल का. १९७३पासून तशी कायदेशीर अटच आहे. मग गरजेप्रमाणे जागेचा तपशीलवार आराखडा आणि शेवटी बांधकाम परवाना. एकाच मालकाला आपल्या तुकड्यापुरते पारंपरिक झोन बदलून हवे असेल, तर मेरीलँडच्या न्यायालयांनी दोनच दारे ठेवली आहेत: परिसराचे स्वरूप बदलले असल्याचे, किंवा मूळ नकाशातच चूक झाल्याचे सिद्ध करणे. मंत्रालयातून 'विशेष बाब' म्हणून आरक्षण उठल्याच्या बातम्या वाचून मोठे झालेल्या आपल्याला ही अट वाचताना जरा हसू येते आणि जरा हेवाही वाटतो.

सांडपाण्याची वाहिनी नसेल तिथे आणखी एक परीक्षा असते. शेतात खड्डे खणून त्यात पाणी ओततात आणि ते किती वेळात मुरते हे मोजतात. पाणी मुरले नाही तर सेप्टिक टाकी चालणार नाही, म्हणजे घरही नाही. कागदावर वीस घरे बसणाऱ्या शेतात प्रत्यक्षात पाच-सहाच बसायची, ती त्यामुळे.

१९८०मध्ये, रॉइस हॅन्सन प्लॅनिंग बोर्डाचे अध्यक्ष असताना, शेती वाचवण्याचा आराखडा मंजूर झाला. काउंटीचा सुमारे एक तृतीयांश भाग, ९३ हजार एकरांच्या आसपास जमीन, 'कृषी राखीव क्षेत्र' ठरली. तिथे आता पंचवीस एकरांमागे एक घर. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा दरोडाच होता. त्याला पेन्शन नसते. त्याची जमीन हीच त्याची पेन्शन आणि बँकेकडचे तारणही तीच. तिची किंमत एका ठरावाने खाली येणार होती.

यावर उपाय म्हणून टीडीआर आला. घर बांधायचे पंचवीस एकरांमागे एक, पण विकायचे हक्क मात्र जुन्याच हिशेबाने, पाच एकरांमागे एक. शंभर एकरांच्या मालकाला चार घरे बांधता येत, पण त्याच्या हाती हक्क वीस. त्यातले सोळा विकूनही चार घरांची मुभा उरे. हक्क मोजताना खड्ड्यात पाणी मुरते की नाही हे विचारले गेले नाही. जी घरे प्रत्यक्षात कधीच झाली नसती, त्यांचेही पैसे शेतकऱ्याला मिळू शकत होते. माझ्या मते योजनेला बळ आले ते या उदारपणामुळे. तो चांगुलपणा असेल किंवा राजकीय हिशेब. काउंटीच्या तिजोरीतून त्यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागली नाही. हक्क बिल्डरने घ्यायचे आणि ऑल्नीसारख्या ठरवून दिलेल्या भागात जास्तीची घरे बांधायची. शेताच्या दस्तात मात्र कायमचा बोजा चढतो; पुढचा मालक कोणीही असो.

ज्यांच्या शेजारी ही जास्तीची घरे यायची, ते गप्प बसणार नव्हते. काउंटीच्या पश्चिम भागातल्या रहिवासी संघटनेने दावा लावला आणि १९८७मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. न्यायालयाचा आक्षेप टीडीआरच्या कल्पनेला नव्हता. घनता किती वाढवायची हे झोनिंगच्या कायद्यात लिहायला हवे होते, ते मास्टर प्लॅनवर सोपवले, हे चुकले. कौन्सिलने कायदा दुरुस्त केला आणि गाडी पुढे चालली.

आज सुमारे ५० हजार एकरांवर असे बोजे आहेत. काउंटीची लोकसंख्या दहा लाखांवर गेली आहे. जर्मनटाउन, गेथर्सबर्ग इथल्या दाट पट्ट्यात राहणारी मराठी कुटुंबे शरदात भोपळे आणि सफरचंदे आणायला ज्या शेतांवर जातात, ती शेते या हिशेबावर टिकली आहेत. उणिवाही उघड आहेत. प्रत्येक पाचवा हक्क घरासाठी राखून ठेवता येत असल्याने पंचवीस एकरांचे हौशी घोडेवाले मालक आले. तो शेवटचा हक्क विकत घेण्यासाठी काउंटीला पुढे वेगळी योजना काढावी लागली. घरे महागली, याचा दोष काही जण या हिरव्या पाचरीला देतात. मोठ्या प्रकल्पांत ठरावीक घरे परवडणाऱ्या दरात देण्याची सक्ती मात्र याच काउंटीने १९७४मध्येच केली होती, हेही सांगायला हवे.

आपण मुंबईत शब्द तोच घेतला, पण काम वेगळे दिले. तिथे मोकळी जमीन मोकळी राहावी म्हणून हक्क हलवले. इथे बाग, रस्ता, शाळा यांसाठी आरक्षित जमीन पालिकेला रोख पैसे न मोजता मिळावी म्हणून. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनाचा मोबदला म्हणूनही. मूळ नियमाने हे हक्क बेट शहरात वापरायला बंदी केली, त्यामुळे सारा भार उपनगरांवर पडला. हक्क कुठून उचलायचे याचा विचार दोन्हीकडे झाला; कुठे उतरवायचे, तिथल्या पाण्याचे आणि शाळांचे काय, याचा विचार आपण फारसा केला नाही.

माँटगोमेरीतला वाद आता सौर पॅनेलांचा आहे. २०२१मध्ये कौन्सिलने राखीव क्षेत्रात मोठ्या सौर प्रकल्पांना वाट दिली, पण विशेष परवानगीच्या अटीवर आणि सर्वांत कसदार जमीन वगळून. पॅनेल हे बांधकाम की पीक, यावर तिथे सुनावण्या झाल्या. बोलायला उभा राहणाऱ्याला नेहमीप्रमाणे दोन-तीन मिनिटेच मिळत होती.