शाळेचा सांगावा

तेरणेकाठच्या तेरमध्ये गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातले थापटणे पाहून मुक्ताबाईने विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के ते पाहायला, काका म्हणाले. मग तिच्याच सांगण्यावरून त्यांनी ते एकेका संताच्या डोक्यावर हाणून पाहिले. बाकीचे निमूट बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि भर सभेत निकाल लागला की हे मडके कच्चे. कीर्तनकार हा प्रसंग कधी तेरला घडवतात, कधी पंढरपूरला. पुढचा भाग मात्र सगळीकडे एकच. रुसलेले नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. माउली आपली बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. माउलीने ‘परीक्षक बरोबर आहेत’ असे सांगून त्यांना गुरू शोधायला विसोबा खेचरांकडे धाडले.

शिक्षक आणि पालक यांच्यातल्या व्यवहाराचा इतका नेमका नमुना दुसरा सापडायचा नाही. जाहीर निकाल, दुखावलेला विद्यार्थी, घरी तक्रार आणि पालकाचा शिक्षकावरचा विश्वास, सगळे एका गोष्टीत आहे. विशेष म्हणजे इथे निरोप विद्यार्थ्यानेच नेला, तोही स्वतःच्या विरोधातला. पुढच्या काळात हे काम कागदाने केले, टपालाने केले आणि आता फोन करतो. साधने बदलत गेली. घराकडून शाळेकडे उलटा सांगावा नेण्याची सोय मात्र फार उशिरा झाली.

आजच्या धाराशिव जिल्ह्यातले हे तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असल्याचे लिहिले आहे. इथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. हे तगर म्हणजेच तेर, असे जॉन फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. पुढे रामलिंगप्पा लामतुरे या इथल्याच व्यापाऱ्याने गावात सापडणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती जमवल्या आणि त्यातून आजचे सरकारी वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ज्या गावचा माल समुद्रापार जात होता, तिथे हिशेब मांडणारे आणि पोरांना अंक शिकवणारे कोणीतरी असणारच. त्यांची नावे कोणत्या खापरावर नाहीत, एवढेच.

नजरेच्या टप्प्यात येतो तो पंतोजी. देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत धुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या पंतोजीला पालकांशी संपर्क साधण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याचा पगार पालकच देत. कुणी पायली-दोन पायली धान्य, कुणी रोख, सणावाराला दक्षिणा. पोर शिकत नाही असे बापाला वाटले की धान्य आटे, आणि पंतोजीला जो समजायचा तो निरोप समजे. पोर शाळेत आले नाही तर पंतोजी चार दांडगी मुले धाडी आणि ती त्याला उचलून आणत. आई दारात उभी राहून पाहत असे. हजेरीची अशी तत्पर यंत्रणा नंतर कोणत्याही सरकारला जमली नाही.

सरकारी शाळा आली आणि पगार वरून येऊ लागला. शिक्षक पालकाला बांधील राहिला नाही, आणि तिथून निरोपाची गरज सुरू झाली. पहिले निरोप दंडाचे होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात तसाच हुकूम काढला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. आजच्या डोळ्यांना हे कठोर दिसेल, पण ‘तुझे पोर शाळेत का नाही’ असा प्रश्न राज्याने कुणब्या-महाराच्या दारात येऊन विचारणे हेच तोवर कुणी केले नव्हते.

तेरच्या वाट्याला हेही आले नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वरच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दूच केले. घरात मराठी बोलणाऱ्या बापाला दफ्तरात काय लिहिले आहे हे कळायला मध्ये कोणीतरी लागे. त्या दफ्तरांचा उलगडा किती कठीण आहे हे २०२३ मध्ये पुन्हा दिसले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यात शाळांच्या जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्याही काढाव्या लागल्या, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. गुरुजींनी आजोबांबद्दल कधी काळी काय लिहून ठेवले, ते नातवाला दुभाष्याच्या तोंडून कळले.

या अंधारात एक वेगळी शाळाही होती. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. सरकारी मेहेरबानीवर न चालणाऱ्या अशा शाळेत पोर घालणे म्हणजे पालकानेही आपली बाजू जाहीर करणे होते. मराठवाडा मुक्तिसंग्रामात पुढे उतरलेली माणसे अशाच शाळांमधून घडली.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा ‘झेडपीची’ झाली. या काळातली शाळा-घर देवघेव आज साठी-सत्तरीत असलेल्या कुणालाही विचारावी. नाव घालताना बापाला जन्मतारीख सांगता येत नसे. ‘वैशाखात, मोठ्या दुष्काळानंतर’ एवढेच तो सांगे. गुरुजी मग सरळ १ जून लिहीत. महाराष्ट्राच्या अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो या परस्पर निर्णयामुळे. ज्या बापाला विचारायचे त्याला उत्तर माहीत नाही, आणि जो लिहितो त्याला घाई आहे. या एका तारखेत त्या काळाची सगळी देवघेव आली.

प्रगतिपुस्तक हे या काळाचे मुख्य साधन. लाल शाईने अधोरेखित केलेले विषय, शेऱ्याच्या रकान्यात ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावे’, खाली पालकाची सही. ज्या घरात सहीच येत नव्हती तिथे अंगठा उठे, आणि तो उठवण्याआधी आत काय लिहिले आहे हे पोरगाच वाचून दाखवी. वाचून दाखवण्यात जे काय गाळायचे ते तो गाळी. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू होऊन ती राज्यभर पसरली. प्रौढांना अक्षरओळख देणाऱ्या त्या मोहिमेचा एक अनपेक्षित परिणाम असा, की काही घरांत तरी पोरांची ही मक्तेदारी मोडली असणार. फारच गंभीर बाब असेल तर शाळा पोस्टकार्ड धाडी. उघडे कार्ड पोस्टमन वाची, पारावरचे वाचत, आणि ‘आपला पाल्य’ नापास झाल्याचे घराआधी गावाला कळे. पालकसभेची खबर द्यायची तर दवंडी होतीच.

त्याच सुमारास तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न मुळातून सोडवला होता. १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी शाळाच पालकाच्या अंगणात नेली. बाई पोरांना गोळा करत, आंघोळी घालत, तिथेच गाणी-गोष्टी चालत आणि आई काम करता करता सगळे पाहत असे. तिला वेगळा निरोप द्यायला नको, कारण शाळा तिच्या डोळ्यांसमोर भरलेली. अंगणवाडी हे नाव पुढे देशभर गेले, पण अंगणात भरणारी शाळा बहुतेक ठिकाणी खोलीत गेली.

धाराशिवमध्ये अडचण निराळीच होती. इथे दसरा-दिवाळी झाली की अंगणच रिकामे होते. तेरच्या शेजारी ढोकीला तेरणा साखर कारखाना आहे, म्हणजे हा भाग ऊस पिकवणारा. पण याच जिल्ह्याच्या भूम, वाशी, कळंब भागातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मागे आजी आणि पोरे, नाहीतर पोरेही फडावर. प्रगतिपुस्तक, पोस्टकार्ड, दवंडी ही सगळी साधने घर जागेवर आहे असे धरून चालणारी. इथे घरच हलते. शासनाने त्यासाठी हंगामी वसतिगृहे काढली, आणि शिक्षण हमी पत्रकही काढले. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येते हे त्या पत्रकावर लिहून ते पालकाच्या हाती द्यायचे. त्याने ते जिथे जाईल तिथल्या शाळेत दाखवायचे. कल्पना चांगली आहे, फक्त ती फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पत्र्याच्या पेटीत पडलेल्या कागदावर अवलंबून आहे.

मोबाइलने काय बदलले ते या फडावर सगळ्यात स्वच्छ दिसते. फोन पालकाबरोबर हलतो. मुकादमाचा असो, शेजारच्या कोयत्याचा असो, नंबर मिळाला की गुरुजी बोलू शकतात. मुख्य म्हणजे बापही बोलू शकतो. पंतोजीचे धान्य बंद झाल्यापासून पालकाच्या हाती शाळेला काही कळवायचे साधन आले ते हे.

कायदाही त्याच सुमारास त्या दिशेने वळला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या महिलांना दिल्या. २०१५ च्या जून महिन्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासननिर्णय निघाला आणि गावोगाव लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. वर्गणी मागायला गुरुजी घरोघर गेले. प्रोजेक्टरच्या निमित्ताने झालेली ही भेट कदाचित प्रोजेक्टरपेक्षा मोलाची ठरली असेल.

तेरहून बार्शीची बाजारपेठ जवळ, आणि रणजितसिंह डिसले बार्शीचेच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले. पुस्तकावर फोन धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. त्या बातम्यांच्या झगमगाटात एक साधी बाब मागे राहिली. कोड वाचणारा फोन मुलाचा नसतो, पालकाचा असतो. म्हणजे धडा ऐकायचा तर बाप घरी यायला हवा आणि त्याने फोन पोराच्या हाती द्यायला हवा.

२०२० च्या टाळेबंदीत हीच गाठ सर्वांच्या पायात आली. ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी २०१८ मध्ये स्मार्टफोन होता, २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांच्या, असे ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत दिसले. उरलेल्यांचे काय, याची उत्तरे जागोजाग वेगळी निघाली. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. मुलाने आई-आजोबांबरोबर घरातच करून पाहायच्या गोष्टींवर तिचे ४८० भाग रचलेले होते. जव्हार तालुक्यात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ काढली, म्हणजे वाड्या-पाड्यांवर ध्वनिवर्धक नेऊन ध्वनिमुद्रित धडे ऐकवले. ते ऐकायला आईबापही बसत. नोव्हेंबरात राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने व्हॉट्सॲपवरून ‘स्वाध्याय’ सुरू केला. दवंडी, कीर्तन आणि प्रश्नपत्रिका या तिन्हींचे नवे अवतार एकाच वर्षात उतरले.

टाळेबंदी उठली, पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप राहिले. आता जवळपास प्रत्येक इयत्तेचा एक असतो. पोषण आहाराचा फोटो, आधार कार्ड जोडण्याची सूचना, सुट्टीची खबर, चाचणीचे गुण. हे गुण सर्वांसमोर टाकणाऱ्या शिक्षकाने गोरोबाकाकांची गोष्ट जरूर आठवावी. तिथे मडके कच्चे ठरलेला संत मोठा होता, इथे तिसरीतले पोर असते. ‘गुड मॉर्निंग’ आणि राजकारणाचा पूर आला की गुरुजी ग्रुपची कळ फिरवतात आणि फक्त ॲडमिन लिहू शकेल असे करतात. त्यांची अडचण खरी आहे. पण ती कळ फिरली की ग्रुपची गावातली सूचनापाटी होते आणि फोनने दिलेला परतीचा रस्ता बंद होतो. अक्षरओळख नसलेली आई लिहीत नाही, ती बोलून आवाज पाठवते. तिचा तोही मार्ग मग जातो.

यंत्राला यंत्रानेच आवर घालण्याचा प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, पोरे अभ्यासाला बसतात आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. यात पालकांना काही वाचायचे नाही, कोणते ॲप उतरवायचे नाही. सुटका फक्त गावाबाहेर राहणाऱ्याची.

शिक्षकांच्या बाजूनेही एक हिशेब साचत गेला. पालकांचा ग्रुप, केंद्राचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा. रात्री दहाला येणारे ‘उद्या सकाळपर्यंत माहिती भरा’. सप्टेंबर २०२४ मध्ये संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणारी मंजुरी, आणि कंत्राटी नेमणुका यांच्या धोरणाविरुद्ध झेडपीच्या शिक्षकांचे आंदोलन झाले, तेव्हा काळ्या फितींबरोबर प्रशासकीय व्हॉट्सॲप ग्रुप सोडणे हेही एक हत्यार होते. ग्रुप सोडणे हा संप मानला जाऊ लागला, म्हणजे ग्रुपवर असणे ही नोकरीच झाली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना घडली आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी राज्याने नियम कडक केले. मूल शाळेत आले नाही तर पालकाला संदेश गेला पाहिजे, हा त्यांतला एक. पंतोजीची दांडगी मुले, कोल्हापूरचा रुपया आणि आता हा संदेश, काम तेच आहे. तोडणीच्या हंगामात हा संदेश कुठल्या फडावर पोहोचतो, तिथे सिम बदललेले असते की रिचार्ज संपलेला, हे गुरुजींनी दर दिवाळीनंतर नव्याने नंबर गोळा केले तरच कळते. ते नंबर आजही मुकादमाकडूनच घ्यावे लागतात.