डबीर, दिवाण आणि इराणांतील मृत्फलक

आपल्या जुन्या कागदपत्रांत डबीर व दिवाण हे शब्द वारंवार भेटतात. ते फारशी म्हणून ओळखले जातात. शिवकालीं डबीर या पदास सुमंत हें संस्कृत नांव देण्यांत आलें, हेंही सर्वश्रुत आहे. परंतु या शब्दांचें मूळ कागदांत नसून मातींत आहे. इतकेंच नव्हे, तर आपला ‘लिपि’ हा शब्दही त्याच मातींतून आलेला दिसतो. हें वाचकांपुढें मांडावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इराणच्या नैर्ऋत्य भागांत, सूसा नगराभोंवतीं, एलामी लोकांचें प्राचीन राज्य होतें. शेजारच्या मेसोपोटेमियाप्रमाणें तेथेंही ओल्या मातीची लहानशी पाटी करून तिच्यावर बोरूच्या टोकानें कीलाक्षरें दाबीत व ती वाळवून ठेवीत. अशा पाटीस सुमेरी भाषेंत ‘दुब्’, अक्कदींत ‘तुप्पु’ व एलामींत ‘तुप्पि’ म्हणत. पुढें पारसीक सम्राटांनीं एलामी भाषेंतच आपले हिशेब ठेवविले. हाच शब्द जुन्या पारसीक भाषेंत ‘दिपि’ झाला. बेहिस्तूनच्या कड्यावर कोरविलेल्या आपल्या लेखास पहिला दारयवहु (दरायस) ‘दिपि’च म्हणतो. माती जाऊन पाषाण आला, तरी नांव तेंच राहिलें. दिपि धारण करणारा तो दबीर आणि दिपि ठेवण्याचें स्थान तें दिवाण, अशी व्युत्पत्ति बहुतेक विद्वान् मानतात.

ही माती प्रत्यक्ष कशी होती, हें पर्सिपोलिस (तख्त-इ-जमशीद) येथील उत्खननांत दिसून आलें. इ. स. १९३३-३४ मध्यें शिकागो विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या वतीनें एर्न्स्ट हर्त्सफेल्ड तेथें खणीत असतां, तटबंदीच्या ईशान्य भागांतील दोन खोल्यांत हजारों पाट्या व त्यांचे तुकडे सांपडले. त्यांचा काल इ. स. पू. ५०९ ते ४९३. बहुतेकांची भाषा एलामी असून कांहीं शतें आरमाइक आहेत. पुष्कळशा पाट्या तळहातांत मावतील एवढ्याच असून, आंत घातलेल्या दोरीचीं टोकें कोपऱ्यांतून बाहेर निघालेलीं असत.

त्यांत विजयांच्या कथा नाहींत. धान्य, मद्य व मेंढ्या यांचा जमाखर्च, कामकऱ्यांचा शिधा, वाटसरूंचें पीठ, हाच मजकूर. हिंदूहून सूसाकडे जाणाऱ्या प्रवाशांस शिधा दिल्याच्याही नोंदी आहेत. प्रसूत झालेल्या स्त्रीस पुत्र झाला असतां, कन्या झालेलीपेक्षां दुप्पट शिधा मिळे. पाट्यांवर वाटोळे शिक्के फिरवून उठविलेलीं चित्रें आहेत. पशूंशीं झुंजणारा वीर त्यांत पुनःपुनः दिसतो. बोटभर मातींत हिशेबही आहे आणि शिल्पही आहे.

पारसीक चामड्यावरही लिहीत. आपला लेख मातीवर व चामड्यावर उतरविल्याचें दारयवहु बेहिस्तून येथें सांगतो. चामड्यास त्याचा शब्द आपलाच ‘चर्मन्’ होय. चर्मावर लिहिणाऱ्या बाबिलोनी लेखकांस शिधा दिल्याची नोंद या पाट्यांत मिळते. परंतु त्या लेखकांच्या हातचें चर्म तेथें उरलें नाहीं. न भाजलेली कच्ची माती मात्र अडीच हजार वर्षें टिकली.

आतां लिपि. हा शब्द लिप् धातूपासून निघाला, असें मीं विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें शिकविलें. पाणिनीच्या एकाच सूत्रांत (३.२.२१) लिपि व लिबि अशीं दोन रूपें शेजारीं कां यावीं, हें मात्र मला तेव्हां खटकलें नाहीं. अशोकाच्या गिरनार येथील पाठांत ‘लिपि’ आहे; तर पारसीक सत्तेखालीं राहून गेलेल्या वायव्य प्रांतांत, शाहबाजगढी व मानसेहरा येथें, ‘दिपि’ आहे. यावरून दिपि हेंच पूर्वरूप असून लिप् धातूच्या साम्यामुळें द-काराचा ल-कार झाला, हा पक्ष मला आतां ग्राह्य वाटतो. फारशी डबीर काढून संस्कृत सुमंत घातला, तरी त्याच्या हातांतील लिपि डबीराचीच सहोदर राहिली.

या पाट्या १९३६ सालीं अभ्यासार्थ शिकागोस उसन्या गेल्या. रिचर्ड हॅलक यांनीं दीर्घ परिश्रमानें २,०८७ लेख १९६९ सालीं प्रसिद्ध केले. पुढें इराण सरकाराविरुद्ध मिळालेल्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठीं त्या विकल्या जाण्याचा प्रसंग आला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं तो टाळला व २०१९ सालीं १,७८३ पाट्या स्वदेशीं परतल्या. त्या फुटकळ विकल्या गेल्या असत्या तर एकाच दफ्तराचे दुवे कायमचे तुटते.

संग्राहकांस एक विनंति करून लेख संपवितों. एका वाड्यांतील रुमाल चाळतांना मीं सनदा उतरून घेतल्या आणि कोठीच्या याद्या निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवल्या. दुसऱ्या वर्षीं गेलों, तों त्या चुलींत गेल्या होत्या. दारयवहूच्या राज्यांत कोण काय खात होता, हें अशाच याद्यांनीं आपणांस सांगितलें आहे. त्या मातीच्या होत्या म्हणून वांचल्या. आपल्या कागदाच्या आहेत.