'ऑर्गॅनिक' मटण आणि महाडचा प्रश्न

शहरातल्या दुकानांत हल्ली 'ऑर्गॅनिक' चिकन-मटणाची पाकिटं दिसतात. जनावराला काय खायला घातलं, कोणती औषधं दिली नाहीत, याची हमी त्यावर असते. घरात लहान मुलं असतील तर हे पाहायलाच हवं. पण मित्रांनो, मांस निवडून घेण्याचा हा हक्क आपल्या आज्या-पणज्यांना होता का?

गावगाड्यात मेलेली गुरं ओढणं हे महारांवर लादलेलं काम होतं. त्याच्या बदल्यात तेच मांस पदरात पडे. गुरू कोणत्या रोगाने मेलं, हे विचारायची सोय नव्हती. उरलेल्या मांसाच्या चान्या वाळवून ठेवायच्या आणि अडीअडचणीला त्यावर दिवस काढायचे. ज्यांनी ही भूक लादली, त्यांनीच या अन्नावर बोट ठेवून आपल्याला अपवित्र ठरवलं.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या गुरांचं मांस सोडायला सांगितलं. काहीजण याला शाकाहाराचा उपदेश म्हणतात. ते साफ चूक आहे. बाबासाहेबांनी नाकारली ती लाचारी, मांस नव्हे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर त्यांनी दाखवलं की एकेकाळी ब्राह्मणही गोमांस खात होते. अस्पृश्यतेचं एक मूळ त्यांनी गोमांसाशी जोडलेल्या तिरस्कारात शोधलं.

पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाला परवडणारं मोठ्याचं मटण आणखी दुर्मीळ झालं. म्हणजे निवड पुन्हा दुसऱ्यानेच केली.

औषधांचा धोका खोटा नाही. कोंबड्यांना सर्रास दिलं जाणारं कोलिस्टिन हे प्रतिजैविक सरकारला २०१९ मध्ये पशुपालनात बंद करावं लागलं. माणसांच्या गंभीर आजारांत शेवटचा उपाय म्हणून राखलेलं हे औषध जनावरांवर उधळलं जात होतं.

मग परवडत असेल त्याने ऑर्गॅनिक जरूर घ्यावं. नसेल तर खाटकाला विचारावं: जनावर कुठलं, कधी कापलं, तपासणी झाली का? पण पैसेवाल्याला निर्धोक मांस आणि वस्तीला संशयाचं, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ती जुन्या गावगाड्याचीच नवी आवृत्ती आहे. प्रत्येक कत्तलखान्यात पशुवैद्याची तपासणी आणि प्रत्येक वस्तीत स्वच्छ मांसाचं दुकान, ही मागणी आपण नगरपालिकेकडे लावून धरली पाहिजे. महाडला आपण जे नाकारलं, ते पाकिटात घालून दिलं तरी घ्यायचं नाही.

जयभीम!