मैत्री बागेपर्यंतची वाट

भिलाईतल्या प्रेमिकांच्या वाट्याला जी बाग आली, तिचं नाव मैत्री बाग. पोलाद कारखान्याने ती १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारली. तिथे पांढरे वाघ आहेत, झाडांच्या सावलीतले बाक आहेत, आणि बाकांवर जोड्या आहेत. त्यातल्या कितीतरी जोड्या कधीकाळी एकाच बाकावर शाळेत बसल्या असतील. पाटीवरचं ते नाव वाचलं की मला माझ्या आवडत्या कादंबऱ्या आठवतात. लहान गाव, वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी दोघं, आणि मैत्रीचं प्रेम कधी झालं हे त्यांनाच सगळ्यात शेवटी कळणं. शेवट काय होणार हे पहिल्या प्रकरणातच कळतं, तरी मी अशी कादंबरी खाली ठेवत नाही. सगळ्या गावाला दिसतंय ते त्या दोघांना दिसत नाही, या उशिरातच तिची सगळी गोडी आहे.

हा उशीर मराठीत कुठून आला, याचा माग काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की फार काळ तो आपल्याकडे येऊच शकत नव्हता. त्यासाठी नात्यात नसलेल्या मुलाला आणि मुलीला काही वर्षं शेजारी वाढू द्यावं लागतं, आणि तेवढी मोकळीक देणारी जागा आपल्या समाजात नव्हती.

गावातलं प्रेम मात्र आपल्याला नवं नाही. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा आहेत आणि त्यात गोदाकाठ, शेतं, शेजारणी, गावच्या मुखियाची पोर, परगावी गेलेला नवरा असं सगळं गाव नांदतं. ओढ आहे, चोरटी नजर आहे, विरह आहे. सवंगडीपण तेवढं सापडत नाही. मग संस्कृत नाटककार भवभूती. त्याचं गाव पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं आजचं पदमपूर, असं बरेच अभ्यासक मानतात. आमगाव भिलाईच्याच हावडा-मुंबई लोहमार्गावर आहे, म्हणून या कवीला मी आमच्या लाइनीवरचा समजते. त्याच्या 'मालतीमाधवा'त खरी जुनी मैत्री आहे ती दोघांच्या वडिलांची. ते एकत्र शिकलेले, आणि मुलांची लग्नं एकमेकांत करायची हा शब्द त्यांनी शिकतानाच दिलेला. मुलांच्या वाट्याला पहिल्या नजरेतलं प्रेम येतं. मैत्री बापांची आणि प्रेम लेकरांचं, ही वाटणी पुढे हजार वर्षं टिकली असं मला वाटतं.

नॉव्हेलसाठी मराठीने घेतलेला शब्दही बाणभट्टाच्या नायिकेच्या नावाचा. ही कादंबरी प्रियकराला पाहताक्षणी भान हरवते आणि पुढे मरण ओलांडून त्याची वाट पाहते. अशा नावाखाली वाढलेल्या साहित्यप्रकाराला रोजच्या ओळखीतून रुजणाऱ्या प्रेमाची सवय व्हायला वेळ लागणारच होता. १८५७ साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, ती विधवांच्या दुःखाची. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची, दोन्ही अद्भुताच्या वाटेने गेल्या. तिकडे इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिनने १८१५च्या डिसेंबरात 'एमा' छापून हायबरी नावाच्या लहानशा गावात हेच गणित मांडून दाखवलं होतं. रोज घरी येणारा, चुका दाखवणारा जुना स्नेही, आणि तोच आपला माणूस आहे हे शेवटाकडे उमगणं. पण एमा एकवीस वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयाची मुलगी दोन-तीन लेकरांची आई असे.

म्हणून आपला पहिला प्रयोग उलट्या दिशेने झाला, आणि तो मला फार हृद्य वाटतो. हरिभाऊ आपट्यांनी १८९०पासून 'करमणूक' या आपल्या साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. त्यातल्या यमूचं लग्न आधी होतं आणि नवऱ्याशी मैत्री नंतर. तो तिला शिकवतो, दोघं मुंबईत बिऱ्हाड करतात, बोलू लागतात. पुढे काय होतं ते वाचकांना ठाऊक आहे. पण संसारात दोन माणसं मित्र होऊ शकतात हे त्या पानांनी दाखवलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली आल्या, त्यांतही तीच गोष्ट खऱ्या आयुष्यातली. मला विचाराल तर मराठीतल्या या परंपरेच्या मूळ आजीबाई या दोघी.

मग मुलींचं वय वाढलं. १९२९ साली शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. कादंबरीकार फडक्यांचा 'जादूगार' १९२८चा आणि 'दौलत' १९२९ची. कायद्याने कादंबरी लिहिली जात नाही, पण शाळा-कॉलेजात जाणारी अविवाहित मुलगी दिसायला लागली तेव्हाच ती पानांवरही आली. फडके कोल्हापूरला प्राध्यापक होते, खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यासारख्या गावात शाळेवर होते. मराठीतलं तरुण-तरुणींचं बोलणं पुण्या-मुंबईबाहेरच्या या दोन ठिकाणी बसूनही घडत होतं.

पुढची पायरी स्वस्त पुस्तकांची. चंद्रकांत काकोडकरांवर 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या 'शामा'साठी अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, आणि त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून केलेला 'दो रास्ते' पडद्यावर आला. नागपूर १९५६पर्यंत आमच्या मुलखाची राजधानी होतं, मराठी पुस्तकाची वाट तिथूनच. आणि रेल्वेच्या ठेल्यावर बाजूलाच हिंदीतले गुलशन नंदा.

आता भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. भट्टीसाठी माणसं सगळ्या प्रांतांतून आली आणि कंपनीने त्यांना सेक्टरांतून क्वार्टर दिले. जात, भाषा, गाव यांवरून नव्हे, तर कामावरून आणि ग्रेडवरून. मराठी घराशेजारी तेलुगू, समोर बंगाली, मागे मल्याळी. सामाईक कुंपण, मेंदीची कापलेली रांग, अंगणात पेरू. नाती पाहुण्यासारखी सुट्टीत भेटायची आणि शेजार बारा महिने. मुलं कारखान्याच्याच शाळांत, एकाच रस्त्याने सायकलवरून. या कादंबऱ्यांना लागणारी जागा, वर्षानुवर्षांची विनानात्याची जवळीक, इथे पोलादाच्या गरजेने आयती तयार झाली होती. कुणी ती प्रेमासाठी आखली नव्हती.

त्यात एक बारीक भाषेची गंमत आहे. सेक्टरातली पोरं आपसात हिंदीत 'तू' म्हणत वाढतात. मोठा असेल तर 'भैया', आणि मग राखीपौर्णिमेला कसोटी. एखाद्या दिवशी ती 'तू' सोडून 'तुम' म्हणते आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. मराठीत 'तू'चं 'अहो' होई तेव्हा दोघांमध्ये अंतर वाढे. इथे 'तू'चं 'तुम' होतं तेव्हा अंतर कमी झालेलं असतं. एका सर्वनामावर एक अख्खं प्रकरण उभं राहील, आणि भिलाईत बसून मराठीत ते कुणीतरी लिहावं असं मला फार वाटतं.

शेजारच्या राजनांदगावात जन्मलेल्या विनोदकुमार शुक्लांनी हिंदीत जवळपास ते लिहिलं. 'दीवार में एक खिड़की रहती थी' १९९७ची, १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला. रघुवर प्रसाद नावाचा लहान गावातला प्राध्यापक, त्याची नवी बायको सोनसी, एक खोली, आणि खिडकीपलीकडे तळी, नदी. लग्न झालेलं आहे आणि मैत्री आत्ता सुरू होते आहे. आपट्यांच्या यमूला जे थोडे दिवस मिळालं, ते इथे खिडकीतून उतरून चालत राहतं.

आज हे सगळं मोबाइलवर आलंय. 'प्रतिलिपी'वर मराठीत भागाभागाने प्रेमकथा येतात, आणि त्यात बालमैत्रीच्या किती तरी. 'करमणूक'च्या वाचकांसारखीच मीही पुढच्या भागाची वाट पाहते. रात्रपाळीला निघालेल्या सायकलींच्या घंटा बाहेर ऐकू येतात, आणि माझ्या भागातल्या मुलीने अजून त्याला 'तुम' म्हटलेलं नसतं.