रोमन नाणे आणि त्याचा पत्ता

जुने रोमन नाणे हातात आले की लोक आधी किंमत विचारतात. खरे तर आधी विचारायला हवे ते ‘हे कोणाचे?’ आणि त्याचे उत्तर बहुधा नाण्यावरच असते. दर्शनी बाजूला सम्राटाचा एका अंगाने दिसणारा चेहरा आणि कडेने लॅटिन अक्षरे. ती वाचायला पंडित व्हावे लागत नाही. शब्द तोडून लिहिलेले असतात आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, एवढे ध्यानात ठेवले की ‘ए-व्ही-जी’ म्हणजे ऑगस्टस, हे उमगते. पुष्कळ नाण्यांवर ‘टी-आर-पी’ आणि पुढे रोमन आकडा दिसतो. ट्रिब्यूनचा अधिकार सम्राटाकडे वर्षागणिक नव्याने येई, त्याची ही मोजणी. आकडा शाबूत असेल, तर नाणे कोणत्या वर्षी पाडले तेही सांगता येते.

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत, म्हणजे दिनारांत, दोन छाप पुन्हा पुन्हा भेटतात. पहिला ऑगस्टसचा, त्याच्या मागील बाजूस गायस आणि लुसियस हे त्याने दत्तक घेतलेले नातू ढाली-भाल्यांसह उभे आहेत. दुसरा इ. स. १४ ते ३७ या काळात राज्य केलेल्या टायबेरियसचा. त्याच्या मागे राजदंड आणि फांदी धरून बसलेली स्त्री आहे. ती त्याची आई लिव्हिया असावी, असे मानतात.

मग पुढच्या सम्राटांची चांदी इतकी कमी का? इ. स. ६४च्या सुमारास नीरोने दिनाराचे वजन घटवले आणि चांदीचा कसही उतरवला. आपल्या व्यापाऱ्यांना सम्राटाशी कर्तव्य नव्हते, धातूशी होते. त्यांनी जुनी, कसदार नाणीच पसंत केली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. भारताच्या व्यापारात दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार प्लिनीने त्याच शतकात केली होती.

पण हे सारे एकट्या नाण्यावरून कळलेले नाही. कोणते नाणे कोणत्या नाण्यांबरोबर, कुठे पुरलेले होते, यावरून ते कळले. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ १८९८ साली ५०१ सोन्याच्या रोमन नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव घातलेला होता. असे एखादे नाणे बाजारात सुटे आले, तर ‘खराब माल’ म्हणून बाजूला पडेल. शेकडो नाण्यांवर तोच घाव दिसला, की तो कोणीतरी ठरवून घातला, हे उघड होते. ही नाणी चलनातून काढून निव्वळ सोने म्हणून वापरायची, असा त्याचा अर्थ बहुधा लावला जातो.

अस्सल-नकलीचा निवाडाही असाच. साच्यात ओतलेल्या आधुनिक नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे आणि बोथट अक्षरे सापडतात. नीरोपूर्व दिनार साधारण पावणेचार ते चार ग्रॅमचा भरतो. वजनात मोठी तफावत असेल तर सावध व्हावे. मात्र प्राचीन भारतीय कारागिरांनीही रोमन नाण्यांच्या प्रतिकृती केल्या. लॅटिन येत नसल्याने त्यांनी अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा ओढल्या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातल्या ‘तगर’ला, तर रोमन नाण्यांच्या धर्तीवरच्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत, अशा चकत्या दोरा ओवून गळ्यात घालत. रोमचा सम्राट मराठवाड्यात दागिना झाला होता! ही चकती तेरच्या मातीतून निघाली म्हणून इतिहास. कुठून आली ते ठाऊक नसेल, तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

म्हणूनच नांगराच्या फाळाला गाडगे लागले, की नाणी वाटून घेऊ नयेत, चिंचेने घासू नयेत आणि सोनाराच्या मुशीत तर मुळीच जाऊ देऊ नयेत. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संग्राहकानेही पाकिटावर सम्राटाच्या नावाखाली गाव, शिवार आणि सोबत काय मिळाले, हे लिहावे. आणि विकणारा ते सांगत नसेल, तर नाणे कितीही देखणे असले तरी घेऊ नये. सम्राटाचे नाव पुस्तकात पाहून केव्हाही लावता येते. हरवलेला पत्ता मात्र कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)