तळटीप २७ : घसा बुजलेली पिसू

२७. प्लेगचे जंतू (येर्सिनिया पेस्टिस) रक्तासोबत पोटात गेले की उंदरावरच्या पिसवेच्या जठराच्या तोंडाशी, काटेरी झडपेत, चिकट गोळा होऊन बसतात. रक्त पुढे सरकत नाही. उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते आणि गोळ्याला लागून आलेले रक्त जखमेत परत ओकते. बॅकट व मार्टिन यांनी हे १९१४ मध्ये दाखवले. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता, हे इथे ध्यानात ठेवावे.

गोळ्याचा चिकटा ‘एचएमएस’ जनुकांमुळे तयार होतो. पिसवेच्या अंगातल्या, म्हणजे २१ ते २६ अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानाला तो भरपूर बनतो. माणसाच्या ३७ अंशांना त्यासाठी लागणारी काही प्रथिने टिकत नाहीत. ३० अंशांनाही गोळा क्वचितच धरतो. उत्तर हिंदुस्थानात कडक उन्हाळ्यात साथ ओसरे, त्याचे एक कारण (एकमेव नव्हे, कोरड्या हवेत पिसवाही मरतात) इथे असावे.

गंमत अशी की हे कसब काही अंशी मोडतोडीतून आले. प्लेगच्या जंतूचा पूर्वज, आतड्याचा साधा आजार देणारा येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस, याच्यात चिकट्याला लगाम घालणारे ‘आरसीएसए’ जनुक चालू असते. प्लेगच्या जंतूत ते निकामी झाले आहे. ‘वायएमटी’ हे जनुक मात्र बाहेरून मिळालेले : ते नसेल, तर काही प्राण्यांच्या रक्ताबरोबर गेलेले जंतू पिसवेच्या आतड्यातच मरतात.